मंगळ उतरला

श्रावण लागला की वाईच्या घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. संध्याकाळी पूजेची भांडी घासणाऱ्यांच्या हातची राख आणि भिजलेला दगड यांचा मिळून एक थंड वास येऊ लागतो. गेली कित्येक वर्षे मी या वासावरूनच महिना ओळखतो. पंचांग नंतर उघडतो. यंदा या वासाच्या दिवसांत शेजारची मुलगी नळाला पाणी आले का, हे विचारायला आली आणि जाता जाता तिने फोनवर एक चित्र दाखवले. मंगळावर फिरणाऱ्या गाडीचे. माणूस नसलेली, आपली आपण चालणारी गाडी आणि तिच्यामागे तांबूस वाळूत उमटलेल्या दोन सरळ रेघा.

"याला चाकोरी म्हणतात," मी म्हणालो. "बैलगाडीच्या चाकांनी वाटेवर पडते ती."

"मंगळावर पण?" ती हसली आणि पाण्याला गेली.

ती गेली आणि मला एक जुना पावसाळा आठवला. मंगळावर चाके फिरण्याच्या पुष्कळ आधी, शहात्तर सालच्या आषाढाच्या अखेरीस, तिथे एक यान उतरले होते. त्याला चाके नव्हती. तीन पायांवर ते उतरल्या जागी उभे होते आणि माती उचलण्यासाठी त्याला एकच लांब हात होता. आजच्या मुलांना त्यात काही विशेष वाटणार नाही. पण इस्लामपूरच्या बाजूच्या एका कृष्णाकाठच्या गावात, जिथे मी त्या वेळी भूगोलाचा शिक्षक होतो, त्या यानाने सारा हंगाम व्यापून टाकला होता.

तो हंगाम मला आजही क्रमाने आठवत नाही, वासांनी आठवतो. उसाला दिलेल्या खताचा वास. न वाळलेल्या गणवेशांचा कुबट वास, जो पहिल्या तासाला वर्गात भरून राही. नदी गढूळ होऊन काठाला लागलेली. शाळेच्या पत्र्यावर पाऊस सुरू झाला की शिकवणे थांबवावे लागे. मग मी फळ्यावर चित्रे काढी. त्या दिवसांत मी मंगळाची चित्रे काढत होतो. वर्तमानपत्रातली चित्रे काळी-पांढरी असल्यामुळे रंग बातमीत वाचून भरावे लागत. पहिल्या दिवशी बातमी आली, मंगळाचे आकाश निळे आहे. मी निळा खडू वापरला. मग बातमी आली की रंग जुळवताना चूक झाली होती, आकाश निळे नसून गुलाबीसर आहे. मी ओल्या फडक्याने निळे आकाश पुसले आणि मुलांना सांगितले, "ज्यांना आपले म्हणणे पुसता येते, त्यांच्यावर विश्वास ठेवावा." मुलांना हे वाक्य फारसे आवडले नाही, गुलाबी आकाश मात्र फार आवडले.

गावाला आकाशाशी कर्तव्य नव्हते. गावाला मातीशी होते. यान माती उचलून तपासणार, एवढे कळल्यावर जाणत्या शेतकऱ्यांना ते एकदम आपल्यातले वाटू लागले. माती तपासणीसाठी पिशवीत भरून पाठवायची आणि चिठ्ठीची वाट बघायची, हा व्यवहार त्यांच्या परिचयाचा होता.

"तांबडी हाय म्हंत्यात. म्हंजी भुईमुगाची. ऊस न्हाई यायचा."

"पानी कुठलं पाजनार?"

"आधी चिठ्ठी तर यिऊ दे. पानी मागनं बघू."

तालमीतल्या पोरांचा तर्क वेगळा होता. माती तांबडी आहे म्हणजे तिच्यात ताक, तेल आणि हळद घातलेली असणार आणि तिथे कुणीतरी कुस्ती खेळत असणार. या तर्काला मी विज्ञानाच्या आधारे उत्तर देऊ लागलो की ती पोरे आदराने ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी तोच तर्क नव्या पाहुण्याला सांगत.

या साऱ्या चर्चेचे केंद्र एसटीच्या थांब्याजवळचे तात्यांचे हॉटेल होते. तात्या पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. त्यांच्याकडे रेडिओ होता, आणि बातम्या ऐकून त्या दारातल्या फळ्यावर खडूने लिहिण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले होते. लष्करी माणसाला शोभेल असा त्यांचा नियम होता: एक बातमी, एक ओळ. खालच्या भागात चहा, भजी आणि शेव-चिवड्याचे भाव कायमचे लिहिलेले असत. त्यांना धक्का लावायचा नाही. यान उतरले तो वार योगायोगाने मंगळवारच होता. बातमी संध्याकाळी आली आणि बुधवारी सकाळी शाळेकडे जाताना मी फळा वाचला:

'मंगळ उतरला.'

मी थांबलो. व्याकरण मोडलेले दिसले की पाय पुढे न जाणे, ही माझी सवय त्या वेळीही होती.

"तात्या, मंगळावर यान उतरले, असे पाहिजे."

"त्योच अर्थ हाय की."

"नाही. 'मंगळावर' यातले 'वर' हे शब्दयोगी अव्यय आहे. ते गेले की सगळेच बदलते. यान हा शब्दही पाहिजे."

तात्यांनी फळ्याकडे, मग माझ्याकडे पाहिले. "मास्तर, तुमचं अव्यय बसवायचं म्हंजी भजी पुसाय पायजेत. भजी पुसू का?"

बाकावरची माणसे हसली. मीही हसलो आणि शाळेत गेलो.

मराठीत 'उतरणे' हे क्रियापद किती कामे करते, याचा मी पुढे अनेकदा विचार केला आहे. एसटीतून माणूस उतरतो, तसा ताप उतरतो. विंचवाचे विष उतरते. दृष्ट उतरतात. बाजारात भाव उतरतो, दुखण्यात चेहरा उतरतो, दारूची नशा उतरते. पाहुणा कुणाकडे तरी उतरतो. या शब्दात खाली येणे आहे आणि निघून जाणेही आहे. आणि आमच्या गावात मंगळ हा आकाशातला गोळा नव्हताच. तो मुलींना असे. 'तिला मंगळ आहे,' असे म्हणत. जसे एखाद्याला दमा आहे म्हणावे. तेव्हा 'मंगळ उतरला' ही ओळ वाचून गावाने जो अर्थ घेतला, तो भाषेच्या दृष्टीने अगदी बिनचूक होता.

त्या वेळी गावात ज्या मुलीला मंगळ होता आणि तो असल्याचे सर्वांना माहीत होते, ती सुमन. प्राथमिक शाळेत शिक्षिका. गोरीगोमटी वगैरे नव्हती. आवाज खणखणीत, चालणे भरभर आणि बोलण्यात किंचित तिरकसपणा. मी राहत होतो ती खोली हौसाआक्कांच्या घराची होती, आणि आक्कांचा एकुलता एक मुलगा संपत सैन्यात, उत्तरेच्या बर्फाळ सरहद्दीवर होता. संपत आणि सुमन शाळेत बरोबरीने शिकलेले. दोघांच्या मनात होते, दोन्ही घरांना चालण्यासारखे होते. दिवाळीत संपत सुटीवर येणार, तेव्हा लग्न, असे ठरतही आले होते. मग पत्रिका दाखवली. कडक मंगळ निघाला आणि आक्कांनी नकार दिला.

नकार देणाऱ्या माणसाला आपण चटकन खलनायक करतो. आक्कांच्या घरात राहिल्यामुळे ती सोय मला नव्हती. त्यांचे मालक पासष्टच्या लढाईत गेले. एकदा चुलीपुढे भाकरी थापता थापता त्या मला म्हणाल्या होत्या, "आमच्या लग्नात कुनी पत्रिका बघितली न्हाई, मास्तर. थोरल्यांनी शब्द दिला आन् झालं. बघितली असती तर?" तो प्रश्न त्यांनी इतकी वर्षे उराशी धरला होता, आणि मुलाच्या वेळी तो विचारायचा राहू नये, एवढीच त्यांची धडपड होती. हट्ट म्हणावा असे त्यात काही नव्हते. ती भीती होती, आणि भीतीला आधार होता.

त्या बुधवारी दुपारी मी शाळेतून आलो, तेव्हा आक्का नदीवरून धुणे घेऊन आल्या होत्या. पिळे दांडीवर टाकायचे सोडून त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली आशा होती.

"आवं मास्तर, मंगळ उतरला म्हनं. नदीवर समद्या बायका बोलत हुत्या. तात्यांनी फळ्यावर लिवलंय म्हनं. खरं हाय का?"

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो. नेमके त्याच वेळी सुमन आली. वर्गात दाखवण्यासाठी तिला यानाच्या बातमीचे कात्रण हवे होते. तिने प्रश्न ऐकला. मी तिच्याकडे पाहिले. एक 'होय' पुरेसा होता. तो मी म्हणायचा की तिने, एवढाच काय तो प्रश्न.

"नाही, मावशी," सुमन म्हणाली. "मंगळ आहे तिथंच आहे. त्याच्यावर यंत्र उतरलंय, अमेरिकेचं. तात्यांच्या फळ्यावर लिहायला जागा पुरली नाही."

आक्का ओले पिळे उचलून परसात गेल्या.

मी हळू आवाजात म्हणालो, "तुम्ही गप्प राहिला असतात तरी चालले असते."

"आणि काय करू? आयुष्यभर उतरलाय, उतरलाय म्हणत बसू?" तिने कात्रण घडी करून पर्समध्ये ठेवले. "उतरलेला ताप परत चढतो, गुरुजी. त्यांच्या मुलाच्या पत्राला चार दिवस उशीर झाला की चढेल." मग दारातून वळून म्हणाली, "पण तात्यांची कमाल आहे. माझ्या मंगळातला नेमका 'वर'च खाल्ला त्यांनी."

ती हसत गेली. हसताना तिने पदर तोंडाला लावला होता, तो मात्र लवकर खाली आला नाही.

संध्याकाळी आक्का आपण होऊन यंत्राबद्दल विचारू लागल्या. मीही मग शिक्षकाला सुचेल तेच केले, दाखला दिला. "आक्का, मंगळ एवढा वाईट असता तर त्याच्या अगदी अंगावर जाऊन उतरलेल्या यानाचे काही चालले असते का? ते सुखरूप आहे."

"आत मानूस हाय?"

"नाही. माणूस नाही."

"मग? जीवच न्हाई त्याला. मंगळ काय करनार त्याचं?"

माझा दाखला तिथेच संपला. आजही मला वाटते, तर्क म्हणून पाहिले तर त्यांचे बरोबर होते.

पण एक गोष्ट त्यांच्या मनात रुतली. मी सांगितले होते की यानाचा निरोप पृथ्वीवर पोचायला सुमारे वीस मिनिटे लागतात. म्हणजे यान प्रत्यक्षात उतरले असेल किंवा फुटले असेल, तरी इथल्या माणसांना ते तेवढा वेळ कळत नाही.

"म्हंजी सगळं हून गेल्यावर कळतं," आक्का म्हणाल्या.

"हो."

"तंवर ही मानसं काय करत्यात?"

"वाट पाहतात."

त्यांनी चुलीतले निखारे मागे ओढले. "आमाला तार आली तवा बी सगळं हून गेलतं. त्ये गेले त्या दिशी मी पुरनाची पोळी केली हुती, मास्तर. माझ्यासाठी मानूस जित्ताच हुता की."

त्यानंतर रोज शाळेतून आलो की त्या विचारत, "आज निरोप आला का?" कुणाचा, हे सांगावे लागत नसे. संपतच्या पत्राबद्दल त्या ज्या स्वरात विचारत, तोच स्वर.

त्याच आठवड्यात बातमी आली की यानाचा हात अडकला आहे. एक खीळ पडायची ती पडली नाही, म्हणून हात पुढे जाईना. गाडीला खीळ आणि खिळीला गाडी, हे नाते गावाला नीट ठाऊक असल्यामुळे तात्यांच्या हॉटेलात उपायांची रीघ लागली. कुणी हातोडीचा ठोका सुचवला, कुणी रॉकेल. कुणीतरी आक्कांना म्हणालेही, "बघा, मंगळानं धरलाच की न्हाई हात." मला वाटले, आता त्या म्हणतील, माझे खरे झाले. पण त्यांनी त्या माणसाला विचारले, "खीळ कुनी बसिवली हुती? मंगळानं? तुमच्यावानीच कुनीतरी बसिवली असंल." आणि त्या पुढे निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मला विचारले, "सुटला का गं बाई तिचा हात?" मी पुरुष आहे आणि यंत्र नपुंसकलिंगी आहे, या दोन्ही गोष्टींचे त्यांना भान नव्हते. मी दुरुस्ती केली नाही.

हात सुटला. इथून तिथपर्यंत काहीतरी सूचना गेल्या, हात थोडा जास्त लांबवला गेला, खीळ खाली पडली. पडलेली खीळ त्याच यानाने काढलेल्या चित्रात दिसली, हे मी सांगितले तेव्हा आक्का समाधानाने म्हणाल्या, "घावली म्हना." आता माती उकरायची होती, आणि त्याच सुमारास श्रावण लागून नागपंचमी तोंडावर आली. पंचमीला आमच्या भागात कुणी माती उकरत नाही. नांगर नाही, कुदळ नाही. भाजीसुद्धा चिरत नाहीत. तात्यांच्या हॉटेलात यावर गंभीर विचारविनिमय झाला.

"अमेरिकेला पंचमी ठावं असनार कुठनं?"

"अरं, मंगळावर नाग न्हाईतच."

"कशावरनं? चिठ्ठी आलीया का?"

तात्यांनी शेवटी निर्णय दिला. "उकरायचं ते आधी उकरून घ्या म्हनावं. पंचमीला बी ड्यूटी म्हंजी अन्याव हाय." पलटणीतल्या माणसाचा हा न्याय सर्वांना पटला. आणि खरोखरच पंचमीच्या आधी यानाने माती उचलली होती. गावात अनेकांना ते आपल्या बोलण्याचा मान राखल्यासारखे वाटले. त्या मातीत जीव आहे की नाही, याचे उत्तर मात्र तज्ज्ञांनाही निश्चित देता येईना. "होय बी न्हाई आन् न्हाई बी न्हाई," असे तात्यांनी फळ्यावर लिहिले. त्यांनी त्या हंगामात लिहिलेली ती सर्वांत अचूक ओळ होती, असे माझे मत आहे.

पंचमीच्या संध्याकाळी पाऊस थांबला. पश्चिमेकडचे ढग फाटून उसाच्या शेतांवर मोकळे आकाश दिसू लागले. मुली झोके खेळून परतत होत्या. सुमनही त्यांना घेऊन आमच्या दारावरून चालली होती. परसात तुळशीला दिवा लावून आक्का माझ्याजवळ आल्या.

"मास्तर, त्यो दिसतोय का कुठं?"

"कोण?"

"मंगळ."

मी चकित झालो. ज्याच्या भीतीने या बाईने मुलाचे ठरत आलेले लग्न थांबवले, तो आजवर त्यांनी पाहिला नव्हता. पण नीट विचार केला तर गावात कुणीच पाहिला नव्हता. पत्रिकेतला चौकोन पाहिला होता. पिढ्यान्‌पिढ्या जो घराघरात वावरत होता, तो कुठे राहतो हे विचारायला कुणी परसात गेले नव्हते.

"सुमनला बोलवा," आक्का म्हणाल्या. "तिला दिसू दे. तिचाच हाय त्यो."

सुमन मुलींना पुढे पाठवून आत आली. तिघेही परसाच्या कडेला, उसाच्या बांधाजवळ उभे राहिलो. पंचमीची कोर पश्चिमेला टांगलेली होती. तिच्या खालच्या अंगाला, क्षितिजाकडे, एक बारीक तांबूस ठिपका होता. त्या दिवसांत मंगळ पृथ्वीपासून फार दूर गेला होता, आणि म्हणून मंद होता. मी बोट दाखवले. आक्कांना सापडेना. सुमनने त्यांच्या मागे उभे राहून त्यांची हनुवटी किंचित वळवली.

"कोरीच्या खाली बघा. आणखी खाली. तांबडा."

"त्यो?"

"तोच."

"एवढासाच?"

आक्कांनी डोळ्यांवर हात धरला, जणू ऊन होते.

"आन् ह्येच्यावर आपलं त्ये हुबं हाय?"

"हो."

"एकलंच?"

"एकलंच," सुमन म्हणाली.

उसातून वारा गेला आणि पानांवरचे पाणी सांडले. आक्का त्या ठिपक्याकडे एक पाऊल पुढे सरकल्या. पुढे बोलल्या त्या आमच्याशी नव्हे, स्वतःशीच बोलल्यासारख्या.

"एवढ्या लांबनं त्याला माझा संपत वळकू तरी यील का? तिकडं बर्फात सगळे सारख्याच कपड्यातले. आन् लढाईत ज्ये गेले, त्ये काय समदे मंगळवाल्या बायकांचे हुते?"

हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नव्हता. विचारण्याचे धाडस मला झाले नसते. तो विचारायचा अधिकार त्यांचाच होता. सुमनने त्यांचा खांद्यावरून घसरलेला पदर सारखा केला.

ढग पुन्हा भरून येऊ लागले. ठिपका झाकला, मग कोर झाकली. आक्का घराकडे वळल्या आणि दाराशी थांबून म्हणाल्या, "सुमन, उद्याच्याला तुझ्या आईला रानात जाऊ नगं म्हनावं. मी येतीया."

"कशाला, मावशी?" सुमनचा तो खणखणीत आवाज मला त्या एकाच वेळी ऐकू येईल न येईल इतका बारीक वाटला. "मंगळ उतरलेला नाही. तो आहे तिथंच आहे."

"बघितला की आत्ता. डोळं हायती मला," आक्का म्हणाल्या. "त्यो तिथं नांदू दे. तू हितं नांदाय ये."